मोठ्या संस्थेत प्रवेश मिळेल का? अंदाज बांधण्याची रीत

एस.एस.एल.सी.चा निकाल लागला की शाळेच्या कचेरीत पालकांची वर्दळ सुरू होते. दाखला, गुणपत्रिका ही कामे उरकली की बहुतेकांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो : "सर, आमच्या मुलाला आयआयटी मिळेल का?" काही पालक सातवी-आठवीपासूनच हा प्रश्न घेऊन येतात. त्यामागे काळजी असते, स्वप्न असते आणि बऱ्याचदा एखाद्या क्लासचे माहितीपत्रकही असते. उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते. कोणी घर सोडून मुलाला कोट्याला पाठवायच्या विचारात असतो, कोणी कर्ज काढायच्या.

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर कोणीही देऊ शकत नाही. मात्र अंदाज बांधण्याची एक रीत आहे. ती थोड्याशा अंकगणितावर चालते आणि घरी बसून वापरता येते. या लेखात आम्ही ती समजावून देत आहोत. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका अवश्य वाचावी.

१. किती मुलांमागे एक जागा?

प्रथम आकडे पाहू. २०२४ साली जेईई मेन ही परीक्षा सुमारे १४ लाख १५ हजार विद्यार्थ्यांनी दिली. त्यांतील वरच्या सुमारे अडीच लाखांना जेईई ॲडव्हान्स्डला बसण्याची मुभा असते. ॲडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १,८०,२०० जणांनी दिले. ४८,२४८ जण पात्र ठरले. तेवीस आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०.

आता जेईई मेन देणारे सर्व धरले तर सुमारे ऐंशी जणांमागे एक जागा होते. ॲडव्हान्स्ड देणारे धरले तर सुमारे दहा जणांमागे एक. दोन्ही आकडे खरे आहेत, पण तुमच्या मुलीची किंवा मुलाची शक्यता यांपैकी एकही सांगत नाही. ऐंशी चिठ्ठ्यांतून डोळे मिटून एक उचलायची असा हा प्रकार नाही. तयारी पक्की असलेल्याची शक्यता याहून पुष्कळ जास्त असते आणि तयारी नसलेल्याची जवळपास शून्य. सरासरी आकडा स्पर्धा किती मोठी आहे एवढेच सांगतो.

येथे एक शब्द नीट ओळखावा, तो म्हणजे 'पात्र'. ४८,२४८ पात्र आणि १७,७४० जागा, म्हणजे पात्र ठरलेल्या तिघांपैकी जवळजवळ दोघांना आयआयटीची जागा मिळत नाही. जाहिरातीत 'आमचे इतके विद्यार्थी पात्र' असे छापलेले असेल तर 'प्रवेश किती जणांना मिळाला आणि एकूण किती जणांनी फी भरली होती?' हे दोन प्रश्न विचारावेत. क्लासच्या फसव्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याने नेमका कोणता अभ्यासक्रम घेतला होता, हेही क्लासला जाहिरातीत सांगावे लागते.

२. गुणांवरून नव्हे, रँकवरून

पुष्कळ घरांत 'किती मार्क पडले म्हणजे मिळते?' असे विचारतात. या परीक्षांत गुणांना स्वतःची किंमत नसते. पेपर सोपा निघाला तर सर्वांचे गुण वाढतात, कठीण निघाला तर सर्वांचे घसरतात. ॲडव्हान्स्डच्या सर्वसाधारण यादीत नाव येण्यासाठी ३६० पैकी किमान गुण २०२३ साली ८६ लागले, २०२४ साली १०९ आणि २०२५ साली ७४. म्हणजे एकूण ९० गुण मिळवणारा विद्यार्थी २०२४ साली या यादीबाहेर राहिला असता आणि २०२५ साली, प्रत्येक विषयातील किमान गुण असतील तर, यादीत आला असता. मुलगा तोच, गुण तेवढेच. प्रवेश ठरतो तो रँकवर.

जेईई मेनचा निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. तो टक्केवारीसारखा दिसतो, म्हणून गोंधळ होतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात ९५ गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या दर शंभरातील सुमारे पाच जण आपल्या पुढे आहेत, असा त्याचा अर्थ. रँकचा ढोबळ अंदाज काढायचा तर शंभरातून पर्सेंटाइल वजा करावा आणि उरलेल्या टक्क्यांना एकूण परीक्षार्थींच्या संख्येने गुणावे. २०२५ साली सुमारे १४ लाख ७५ हजार जणांनी परीक्षा दिली. त्यावरून :

९९ पर्सेंटाइल – सुमारे १४,७५० वी रँक
९७.५ पर्सेंटाइल – सुमारे ३६,९०० वी रँक
९५ पर्सेंटाइल – सुमारे ७३,७५० वी रँक
९० पर्सेंटाइल – सुमारे १,४७,५०० वी रँक

'नव्वदच्या वर आहे, म्हणजे छानच' असे म्हणण्याआधी शेवटची ओळ पाहावी. त्याच वर्षी खुल्या गटातून ॲडव्हान्स्डला बसण्यासाठी सुमारे ९३.१ पर्सेंटाइल लागले होते.

३. बरोबर यादीशी तुलना

रँकचा अंदाज आला की ती कशाशी ताडून पाहायची? आयआयटी, एनआयटी आणि इतर केंद्रीय संस्थांच्या जागा २०१५ पासून 'जोसा' या एकत्रित व्यवस्थेतून वाटल्या जातात. प्रत्येक संस्थेची प्रत्येक शाखा कोणत्या रँकवर उघडली आणि कोणत्या रँकवर बंद झाली, याच्या याद्या जोसाच्या संकेतस्थळावर वर्षवार मिळतात. कोणताही खर्च नाही. बंद झालेली रँक म्हणजे ज्याला शेवटची जागा मिळाली त्याची रँक. अंदाजाचा खरा आधार हाच.

'आयआयटी' ही एकच पायरी नाही, हे या याद्या उघडताच कळते. मुंबई आयआयटीची संगणकशास्त्र शाखा खुल्या गटात अलीकडच्या वर्षांत ६० ते ७० च्या दरम्यानच्या रँकवर बंद झाली आहे. दुसरीकडे काही आयआयटींतील काही शाखा दहा हजारांच्याही पुढे गेलेल्या दिसतात. म्हणून 'आयआयटी मिळेल का?' असे न विचारता 'कोणत्या संस्थेची कोणती शाखा?' असे विचारावे. आपल्या जवळच्या धारवाड आणि गोवा येथील आयआयटी २०१६ साली सुरू झाल्या, त्यांच्या याद्याही पाहाव्यात. एक वर्ष पाहून भागत नाही. तीन वर्षांच्या याद्या शेजारी-शेजारी मांडाव्यात.

याद्या पाहताना आपला रकाना चुकता कामा नये. केंद्रीय संस्थांत ओबीसी-नॉन क्रीमीलेयरसाठी २७ टक्के, अनुसूचित जातींसाठी १५, अनुसूचित जमातींसाठी ७.५ आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा असतात. उरलेल्या ४०.५ टक्के जागा सर्वांना खुल्या असतात. मुलींसाठी स्वतंत्र रकाना असतो. आयआयटींतील मुलींचे प्रमाण २०१७ साली दहा टक्क्यांच्याही आत होते, म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी वाढीव जागा निर्माण केल्या गेल्या आणि २०२० पासून हे प्रमाण किमान वीस टक्के राखले जाते. मुलांच्या जागा काढून या जागा दिलेल्या नाहीत, त्या अधिकच्या आहेत. मुलीच्या पालकांनी केवळ सर्वसाधारण रकाना पाहून हात टेकले तर तिच्यावर अन्याय होईल.

४. सीमाभागातील मुलांसाठी तीन खास गोष्टी

यापुढील माहिती क्लासच्या माहितीपत्रकात सहसा नसते. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र तिने बराच फरक पडतो.

पहिली गोष्ट, बारावी कोठे? एनआयटींतील निम्म्या जागा त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. हे 'राज्य' जन्मावरून, मातृभाषेवरून किंवा रेशनकार्डावरून ठरत नाही. बारावीची परीक्षा ज्या राज्यातून उत्तीर्ण झाली, ते राज्य धरले जाते. बेळगावात पी.यू.सी. केलेल्या मुलाला सुरतकलच्या एनआयटीत गृहराज्याच्या जागा असतात. तोच मुलगा कोल्हापुरात बारावी झाला तर त्याची गृहराज्याची एनआयटी नागपूरची होते आणि कोट्यात बारावी झाला तर जयपूरची. दहावीनंतरचा हा एक निर्णय पुढच्या सगळ्या याद्या बदलतो. म्हणून मुलाला बाहेर पाठवण्याआधी सुरतकल, नागपूर आणि जयपूर यांच्या गृहराज्याच्या आणि परराज्याच्या याद्या समोर ठेवून पाहाव्यात. आयआयटींना मात्र हा नियम लागू नाही. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशनियमांत सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा वर्ग आहे. त्याच्या अटी व लागणारे दाखले बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच पाहून ठेवावेत.

दुसरी गोष्ट, दाखला कोणता? कर्नाटकातील टू-ए, थ्री-बी हे वर्ग राज्याच्या प्रवेशांसाठी आहेत. केंद्रीय संस्थांत ते चालत नाहीत. तेथे जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातच हवा. राज्याच्या यादीतील प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही. ओबीसी-नॉन क्रीमीलेयर आणि आर्थिक दुर्बल घटक हे दोन्ही दाखले जेईई ॲडव्हान्स्डसाठी त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचे लागतात. अंदाज एका रकान्यावरून बांधला आणि दाखला दुसऱ्या रकान्याचा निघाला तर सारे गणित कोसळते.

तिसरी गोष्ट, पेपर कोणत्या भाषेत? जेईई मेन २०२१ पासून तेरा भाषांत होते व त्यांत मराठी आहे. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर दिली जाते. बेळगावचे केंद्र निवडले तर मराठीचा पर्याय नसतो. ज्याला मराठीतच पेपर हवा त्याला महाराष्ट्रातील केंद्र निवडावे लागेल. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी आठवी-नववीपासूनच दोन्ही शब्द शेजारी शिकावेत : त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन. मराठीतून पक्का झालेला विषय नुसत्या शब्दांपायी अडू नये. शब्दांची उणीव सहा महिन्यांत भरून निघते, कच्च्या संकल्पनांची मात्र इतक्या लवकर भरत नाही.

५. मुलाची सद्यःस्थिती कशी मोजावी?

आता यादीच्या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे मुलाच्या तयारीचा विचार. येथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, सर्वांत चांगला निकाल धरून चालणे. एकदा ९८ आले की घरात तोच आकडा बोलला जातो. दुसरी, क्लासच्या अंतर्गत क्रमांकाला देशभरातला क्रमांक समजणे. परीक्षेला किती जण बसले होते, ते न कळता क्रमांकाला अर्थ नसतो.

आमचा सल्ला असा. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सहज मिळतात. पूर्ण वेळ लावून, मध्ये न उठता, निदान पाच-सहा सोडवाव्यात. ॲडव्हान्स्डचे दोन पेपर असतील तर ते एकाच दिवशी सोडवावेत. सर्व निकाल लिहून उतरत्या क्रमाने लावावेत आणि मधला निकाल हीच सध्याची पातळी समजावी. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा निकाल यांतील अंतरही पाहावे. अंतर फार असेल तर एखादा विषय दगा देतो आहे. तो कोणता, हे शोधण्यात खरा फायदा आहे.

जेईई मेनची दोन सत्रे असतात, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये. दोहोंतील चांगला निकाल धरला जातो. जानेवारीचा पर्सेंटाइल हा आपल्या हाती येणारा पहिला खरा पुरावा होय. त्याआधीचे सर्व अंदाज कच्चे समजावेत. आठवीतल्या मुलाची 'आयआयटी क्षमता' सांगणाऱ्या चाचण्यांना तर आम्ही काहीच किंमत देत नाही. त्या वयात गणिताची गोडी आहे का, चिकाटी आहे का, एवढेच पाहता येते.

६. यादी तीन भागांत करावी

जानेवारीचा निकाल आणि सराव-परीक्षा यांवरून रँकचे तीन अंदाज लिहावेत : दिवस वाईट गेला तर, नेहमीसारखा गेला तर आणि उत्तम गेला तर. समजा, एका विद्यार्थिनीचे हे अंदाज अनुक्रमे ६०,०००, ३७,००० आणि २५,००० आहेत. तिने तीन वर्षांच्या याद्या घ्याव्यात. ज्या शाखा तिन्ही वर्षे तिच्या रकान्यात ६०,००० च्याही पुढे बंद झाल्या, त्या खात्रीच्या. ज्या ३७,००० ते ६०,००० च्या दरम्यान बंद झाल्या, त्या आवाक्यातल्या. ज्या २५,००० ते ३७,००० च्या दरम्यान बंद झाल्या, त्या प्रयत्नाच्या. तिन्ही भागांत काहीतरी असले पाहिजे. पहिला भाग रिकामा असेल तर यादी धोक्याची आहे.

मग प्रत्यक्ष पसंतिक्रम भरताना मात्र आवडीच्या क्रमानेच भरावेत. 'वरची संस्था लिहिली आणि मिळाली नाही तर खालचीही जाईल' अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. वरचा पर्याय न मिळाल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही.

खात्रीच्या भागात राज्याचे प्रवेशही धरावेत. कर्नाटक सीईटीत अभियांत्रिकीची रँक ठरवताना निम्मा भार सीईटीच्या आणि निम्मा पी.यू.सी.च्या गुणांना असतो. आयआयटी-एनआयटींसाठीही बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५ टक्के) किंवा आपल्या बोर्डातील वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये स्थान, यांपैकी एक अट पुरी करावी लागते. 'पी.यू.सी.कडे दुर्लक्ष केले तरी चालते' असे कोणी सांगितले तर ऐकू नये. जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत, दोनदाच देता येते. एक वर्ष थांबायचे की नाही, हे मधल्या निकालावरून ठरवावे, वरच्या निकालावरून नव्हे.

७. विश्वस्तांना विनंती

शाळेत 'फाउंडेशन' वर्ग सुरू करावेत, अशी मागणी अधूनमधून होते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोचिंग केंद्रांनी सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये. दहावीची परीक्षा झाल्यावरच तो द्यावा, असे त्यांत म्हटले आहे. शाळेनेच हे दार मागच्या बाजूने उघडणे योग्य होणार नाही. त्याऐवजी तीन साधी कामे करता येतील. आठवी ते दहावीसाठी विज्ञान-गणिताची मराठी-इंग्रजी शब्दावली वर्गावर्गांत लावणे, एप्रिलमध्ये दाखल्यांसाठी मार्गदर्शन ठेवणे आणि शाळेतून गेलेल्या मुलांच्या प्रवेशांची नोंदवही ठेवणे.

या नोंदवहीबद्दल थोडे सांगतो. आज आपल्याला ज्यांना मोठी संस्था मिळाली तेवढीच नावे ठाऊक असतात, कारण त्यांचा सत्कार होतो. किती जणांनी प्रयत्न केला आणि न मिळालेले कोठे गेले, हे कोणी लिहून ठेवत नाही. त्यामुळे लहान वर्गातल्या मुलांना एक तर सर्व काही सोपे वाटते किंवा ते आपल्या शाळेच्या आवाक्याबाहेरचे वाटते. दोन्ही समज खोटे आहेत. नावे न देता केवळ आकडे लिहिले तरी दहा वर्षांत आपल्या शाळेचा स्वतःचा अनुभव जमा होईल. तो कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा विश्वासाचा असेल.

विद्यार्थी मित्रांनो, रँक ही एका दिवसाची, एका पेपरची आणि त्या वर्षीच्या गर्दीची मोजणी असते. बंद झालेल्या रँकच्या एका बाजूला असलेला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला राहिलेला मुलगा यांच्या अभ्यासात कित्येकदा एका प्रश्नाचाही फरक नसतो. यादीत तीनही भाग ठेवा म्हणजे त्या एका प्रश्नावर तुमचे सगळे भवितव्य टांगलेले राहणार नाही. पालकांनीही आकडेमोड मुलाच्या बरोबर बसून करावी, त्याच्या पाठीमागे नव्हे. जोसाच्या याद्या कशा पाहाव्यात, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी शाळा सुटल्यावर वर्गशिक्षकांना भेटावे. येताना मागील परीक्षांचे सर्व निकाल आणावेत, केवळ चांगला तेवढाच नव्हे.